तेराव्या अध्यायात अडकलेला जानेवारी

संगणक माझ्या घरी माझ्या मर्जीने आला, हे प्रथम स्पष्ट केलेले बरे. आमच्या चर्चच्या मंडळीत, आणि अलीकडे माझ्या स्वतःच्या घरातही, ही हकीकत अशी सांगितली जाते की सरांचा शास्त्रवाचनाचा नेम मोडत चालला होता, म्हणून जावयाला दया आली, त्याने एक यंत्र आणून बसवले आणि सर त्या यंत्रालाही पुरे पडले नाहीत. असे सांगणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्या वेळी तिथे नव्हते. उरलेले होते, पण त्यांनी जे पाहिले ते त्यांना कळले होते असे मानायला मी तयार नाही. मला स्वतःला ते पुरते कळले आहे असाही माझा दावा नाही. परंतु जे घडले ते माझ्या ओट्यावर घडले, आणि म्हणून न कळण्याचा पहिला हक्क माझा आहे.

आमचे गाव पाथर्डीच्या अलीकडे. गावातली ख्रिस्ती आळी लहान, आणि त्या आळीत रोज सकाळी पवित्र शास्त्राचे वाचन होत असे ते आमच्या ओट्यावर. माझ्या वडिलांनी ते सुरू केले. ते उपदेशक होते, गावोगाव पायी हिंडत. वाचनाचा भाग त्यांनी कधी स्वतः निवडला नाही. नगरहून टपालाने छापील पत्रक येई, कोणत्या दिवशी कोणता अध्याय ते त्यावर असे, आणि त्याप्रमाणे वाचन चाले. पत्रकाला उशीर झाला तर वडील शेवटचा भागच पुन्हा वाचत. एका पावसाळ्यात नदीला पूर येऊन रस्ता बंद झाला, तेव्हा आम्ही मुलांनी एकच स्तोत्र इतक्या वेळा ऐकले की ते आम्हाला झोपेतही म्हणता येऊ लागले. मी एकदा विचारले, पुढचे पान तर इथेच आहे, मग वाचत का नाही? ते म्हणाले, "पुढचं पान उघडं असतं म्हणून ते आपलं होत नाही. दिलं की घ्यायचं. तोवर आहे त्यावर थांबायचं."

आमच्या घराची ही रीत. तिला कोणी अडाणीपणा म्हणो. ज्याला रोज आपल्या आवडीचे पान उघडण्याची मुभा असते तो शास्त्र वाचत नाही, आरसा पाहतो, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर नगरहून पत्रके येणे थांबले. कोणी सांगितले की छपाई परवडत नाही, कोणी सांगितले की मागणीच राहिली नाही. मी स्वतः भाग ठरवू लागलो आणि तिथून मन खट्टू झाले. ठरवणारा मीच, वाचणारा मीच, आणि त्या दिवशी लांब अध्याय नको म्हणून छोटा शोधणाराही मीच. मध्ये विषमज्वराने अंथरुणाला खिळलो. उठलो तेव्हा शास्त्रातली खुणेची दोरी भलत्याच पानात होती. पत्नी म्हणे, "इथंच होतो आपण." मी म्हणे, नव्हतो. माझी पत्नी मिशन दवाखान्यात परिचारिका होती. साऱ्या आयुष्यात औषधाची वेळ चुकवली नाही असा तिचा लौकिक. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे दोरीच्या बाबतीत तिची साक्ष मी ग्राह्य धरली नाही.

म्हणून मी होऊन जावयांना विचारले. त्यांचा नगरला कॉम्प्युटर क्लास होता. शब्द माझे होते: "तुमचं यंत्र मला रोज सकाळी भाग देऊ शकेल का? मी मागितल्याशिवाय, आणि मला न विचारता?"

"त्यात काय, मामा! छोटासा प्रोग्राम आहे. मशीनला तारीख ठाऊक असते. तारखेवरून भाग काढायचा, वर्षात अख्खं शास्त्र पुरं."

क्लासमध्ये नवी यंत्रे आली होती, त्यामुळे एक जुने माझ्या ओट्यालगतच्या खोलीत आले. जावयांनी सगळे बसवले, आणि आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाच्या आधीच्या चार आठवड्यांपासून, उत्पत्ती या पहिल्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायाने आरंभ करायचा असे ठरले. तेव्हाचे एक संभाषण मी अक्षरशः देतो, कारण पुढच्या सगळ्या वादाचे मूळ त्यात आहे.

"मामा, वरच्या कोपऱ्यात आजची तारीख पण दिसेल."

"तारीख भिंतीवर आहे. मला फक्त भाग हवा."

"असू द्या की. खाते का काही?"

"जावईबापू, पंचांग आणि शास्त्र एका पडद्यावर नको."

ते हसले आणि त्यांनी तारीख काढून टाकली. जाताना दारातून म्हणाले, "सुरू होताना इंग्रजीत काही आलं तर घाबरू नका. वरच्या रांगेतली एफ-वनची कळ दाबा, पुढं जाईल." हे वाक्य आपण बोललोच नाही असे ते आता म्हणतात. मी ऐकले आहे, आणि माझ्या पत्नीनेही ऐकले आहे. तिचे डोळे गेले होते, कान नव्हते.

तो डिसेंबर माझ्या आयुष्यातल्या उत्तम महिन्यांपैकी एक होता. सकाळी बटण दाबावे, काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ग्रंथाचे नाव आणि अध्यायांचे आकडे उमटावेत, आणि मी ते कागदावर न उतरवता, तोंडातल्या तोंडात म्हणत ओट्यावर येऊन पान काढावे. वीज गेलेली असली तर आम्ही थांबत असू. कोणी घाई करत नसे. कित्येक वर्षांनी मला पुन्हा भाग *दिला* जात होता.

ऐकायला पत्नी, आळीतली दोन-तीन घरे, आणि शेजारची एक म्हातारी. ती आमच्या मंडळीतली नव्हती. दिवाळीनंतर तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला कारखान्यावर गेले होते, आणि सकाळी रिकाम्या घरात बसवत नाही म्हणून ती आमच्या ओट्याच्या पायरीवर येऊन बसे. पायरीवरच, कितीही सांगितले तरी वर येत नसे. "हितं ऊन येतं सर," एवढेच म्हणे.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी लेवीय या नियमांच्या ग्रंथातला तेरावा अध्याय आला. हा अध्याय लांब आहे, म्हणून त्या दिवसाला तो एकटाच होता, आणि मंडळ्यांमध्ये तो सहसा कोणी वाचत नाही. कातडीवर डाग उठलेल्या माणसाला याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे आणतात. याजक पाहतो, कोंडून ठेवतो, काही दिवसांनी पुन्हा पाहतो. डाग पसरला असेल तर त्या माणसाला अशुद्ध ठरवतो, आणि मग तो माणूस फाटक्या कपड्यांत, तोंड झाकून, आपण अशुद्ध आहोत असे स्वतःच ओरडत रानात तळ देऊन राहिलेल्या लोकांच्या छावणीच्या बाहेर एकटा राहतो. माझे आजोबा गावकुसाबाहेर जन्मलेले. हा अध्याय आला की माझे वडील उभे राहून वाचत. का, ते मी कधी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. मी मात्र तो नेहमी बसून, आणि जरा भराभर वाचत आलो. त्या दिवशीही तसाच वाचला.

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करताना पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: बॅटरी क्षीण झाली आहे. सरांना इंग्रजी आले नाही, असे जे म्हणतात त्यांना सांगायला हवे की मी ती ओळ नीट वाचली. परंतु यंत्र भिंतीच्या विजेवर चालत होते, त्याला बॅटरी कुठली? आमच्याकडे विजेचा दाब इतका कमी की दिवासुद्धा पिवळा जळे. यंत्र त्याविषयीच तक्रार करत असावे असा अर्थ मी लावला. हा अर्थ तर्काला धरूनच होता. मग सांगितलेली कळ दाबली. पडद्यावर अक्षरे उमटली: लेवीय, तेरा.

 मग समजलो: नवा भाग आलेला नाही. आणि नवा भाग आला नाही तर काय करायचे हे मला लहानपणापासून ठाऊक होते. बाहेर आलो आणि तेरावा अध्याय वाचला.

तिसऱ्या दिवशीही तोच आला. पत्नी आता असे सांगते की तिने मला तिसऱ्याच दिवशी सावध केले होते. हे खरे नाही. ती एवढेच म्हणाली, "कालच्यासारखंच वाटतंय." याला सावध करणे म्हणत नाहीत. पुढे तर ती त्या अध्यायात रमलीच. याजकाने डाग तपासला की तिच्यातली परिचारिका जागी होई.

"हे तर गजकर्ण दिसतंय. ह्याला कशाला कोंडलं?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"आणि हा सगळाच पांढरा झालेला, ह्याला शुद्ध म्हणतो, तो कोडाचा पेशंट. एवढं तरी बरोबर ओळखलं. ह्या याजकाला आमच्या ओपीडीत बसवायला हवं होतं थोडे दिवस, हात धुवायला तरी शिकला असता."

म्हातारी पायरीवरून हसे. मीही एकदा हसलो असेन. पण दिवस जात राहिले, पडद्यावर तेच येत राहिले, आणि माझे हसणे थांबले. प्रारंभी मी म्हणालो, नवा भाग यायचा आहे. मग म्हणालो, हाच भाग मला पुन्हा पुन्हा दिला जात आहे, तर यात माझ्यासाठी काही असले पाहिजे. भराभर वाचत असे तो हळू वाचू लागलो. याजक कोण, डाग कोणता, छावणी कुठली, याचा विचार दिवसभर पिच्छा सोडीना. उत्तर मिळाले असते तर मी अभिमानाने सांगितले असते. मिळाले नाही. जितका जास्त वाचला तितका तो अध्याय मला कमी कळत गेला, आणि बाहेर बसलेला तो माणूस मात्र रोज अधिक स्पष्ट दिसू लागला.

याहून वाईट गोष्ट दुसरीच होती. रोजचा भाग वेगळा असला की दिवस वेगळा राहतो. कालचे बोलणे कालच्या अध्यायाला चिकटलेले असते. त्या महिन्यात सगळ्या सकाळी एकीवर एक रचल्यासारख्या झाल्या. एकदा मी म्हातारीला विचारले, "मुलाचा काही निरोप?"

ती म्हणाली, "आवो, आत्ताच तर इचारलं की तुमी. न्हाई म्हनले न्हवं?"

मी म्हणालो, ते काल. ती म्हणाली, आज. पत्नी म्हणाली, आजच, आणि तेही दोनदा. या गोष्टीचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. माझ्या बाजूने पुरावा नाही, हे मान्य. पण त्यांच्या बाजूनेही नाही, कारण त्या दोन सकाळींत फरक दाखवणारे काहीच नव्हते.  माझ्या थोरल्या भावाने शेवटच्या वर्षी मला ओळखले नव्हते. मला तो टपालवाला समजून, पत्रक आणले का, असे विचारत असे. त्याची सुरुवातही अशीच एखादी गोष्ट दोनदा विचारण्यापासून झाली होती.

लोक विचारतात, जावयाला फोन का केला नाही? माझ्या वडिलांनी नगरला पत्र पाठवून पत्रकाची मागणी कधी केली नाही, हे एक कारण. दुसरे असे की, समजा जावई आले असते, यंत्र पाहिले असते आणि म्हणाले असते की मामा, हे तर रोज नवा भाग देते आहे, तर?

आळीत कुजबुज सुरू झाली होती. सरांना भ्रम झाला आहे, तोच अध्याय रोज नव्यासारखा वाचतात. ऐकायला येणारी घरे एकेक करून येईनाशी झाली. आणि जानेवारी उतरणीला लागला तेव्हा एका संध्याकाळी आमच्या मंडळीचे पाळक आले. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे, बोलायला फार मऊ.

"सलाम, सर. तब्येत कशी आहे?"

"तब्येत विचारायला आलात की तपासायला?"

ते ओशाळले. पत्नीने चहा आणला. अर्धा कप झाल्यावर ते म्हणाले, "मंडळीतल्या काहींचं म्हणणं होतं, सकाळचं वाचन काही काळ दुसऱ्या घरी ठेवावं. तुम्हालाही विश्रांती."

"मी थकलो असं कोण म्हणालं?"

"थकलात असं नाही, सर. पण एकच भाग…"

"नवा आला नाही म्हणून एकच. दुसऱ्या घरी नगरहून पत्रक येतं का?"

"पत्रक आता कुठंच येत नाही, सर. तेच म्हणतोय. ज्याला जे योग्य वाटेल ते तो वाचेल."

"म्हणजे ज्याला जे आवडेल ते."

पाळकांनी कप खाली ठेवला. "परवा शनिवारी सकाळी मी स्वतः ऐकायला येतो. मग ठरवू."

माझ्या वडिलांचा ओटा शनिवारी जाणार की राहणार, हे आता एका पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांवर होते. त्या दोन रात्री मी नीट झोपलो नाही. पण पुढचे पान उघडून पाहिले नाही. चौदाव्या अध्यायात काय आहे हे मला ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. ते मला पाठ होते. ठाऊक असणे निराळे आणि दिले जाणे निराळे. पत्नीने मला न सांगता गावातल्या एसटीडी बूथवरून मुलीला फोन लावला, हे मला नंतर कळले.

शनिवारी पाळक आले, आणि त्यांच्या पाठोपाठ पहिल्या जीपने जावई. म्हातारी पायरीवर होतीच. वीज होती. मी यंत्र सुरू केले, ओळ आली, कळ दाबली, भाग आला. मी ओट्यावर येऊन तेरावा अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. एकही शब्द चुकलो नाही. तशी पुस्तकाची गरजही नव्हती, ते मिटूनही म्हणू शकलो असतो.

वाचन संपले. मग जावई म्हणाले, "मामा, सुरू होताना ते इंग्रजीत काय आलं होतं?"

"तुम्हीच सांगितलेली कळ दाबली मी."

"मी? मी कधी सांगितली?" आत जाऊन त्यांनी काहीतरी टाइप केले आणि मोठ्याने हसले. "अहो, ह्याच्या मते आज एक जानेवारी आहे. तेही एकोणीसशे ऐंशी सालची! आतला छोटा बॅटरीचा सेल मेलाय, मामा. बंद केलं की हे तारीख विसरतं. रोज उठतं ते एक जानेवारीलाच. तुम्ही कोपऱ्यातली तारीख राहू दिली असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं!"

पाळकांच्या चेहऱ्यावरचा भार उतरलेला मी पाहिला. "म्हणजे सरांचं काही नाही. मशीनच विसरत होतं!"

सगळे हसले. पत्नीने पदराने डोळे टिपले, ते मोतीबिंदूमुळे असे ती म्हणते. मलाही हायसे वाटले हे मी नाकारत नाही. पण त्या हायसे वाटण्यातही अपमान होता. महिनाभर मी ज्याच्यापुढे मान खाली घालून बसलो, ज्याचा अर्थ शोधता शोधता झोप घालवली, तो एका मेलेल्या सेलचा हट्ट होता, आणि माझी बुद्धी शाबूत असल्याचे प्रमाणपत्रही त्या सेलनेच द्यावे? मी निर्दोष ठरलो होतो, पण कशात, ते मला कळेना.

"सेल नगरहून आणतो," जावई म्हणाले, "आजच्यापुरती तारीख हाताने घालतो. हं, हा बघा आजचा खरा भाग."

पडद्यावर यहोशवाच्या ग्रंथाचे नाव उमटले. मी पाने उलटली. मध्ये सारा महिना गेला होता. नियम संपले होते, चाळीस वर्षांचे रानातले भटकणे संपले होते, सगळे लोक नदी ओलांडून पलीकडच्या देशात पोचत होते. मी वाचायला घसा साफ केला.

"आन त्यो मानूस?" पायरीवरून आवाज आला.

"कोण माणूस, मावशी?" जावयांनी विचारले.

"त्यो भाईर बसलेला. त्वांड झाकून."

"तो मागं राहिला. आता पुढचा भाग आला."

"मागं म्हंजी कुटं?"

जावयांनी पाळकांकडे पाहिले. पाळक समजुतीने म्हणाले, "आजी, त्याच्या पुढच्या अध्यायात तो बरा होतो. त्याला आत घेतात."

"मंग त्येच वाचा की."

"आजच्या तारखेला ते येत नाही," जावई म्हणाले.

"तारकंला न्हाई म्हून भाईरच बसवायचा व्हय त्येला?" ती जावयांशी बोलत होती, पण पाहत होती माझ्याकडे. "लई दिस झालं सर. रोज म्या आपली घरला जाते आन मनात म्हनते, उद्या तरी घेत्याल. माजं पोरगं बी भाईरच हाय, खोपीत, थंडीत. पर त्यो कारखाना बंद झाला की येनार, ठावं हाय मला. ह्येचं तसलं बी काय न्हाई. आत घ्या की त्येला आता."

माझ्या हातात शास्त्र यहोशवापाशी उघडे होते. भाग मिळाला होता. महिनाभर ज्याची वाट पाहिली तो नवा भाग, योग्य तारखेचा, पाळकांच्या देखत. रीत अगदी स्पष्ट होती: दिलेले घ्यावे. वडिलांचे वाक्य मला त्यांच्याच आवाजात ऐकू येत होते. आणि तरीही माझ्या अंगठ्याने पाने मागे उलटायला सुरुवात केली होती. मी उलटायचे ठरवले आणि मग उलटली, असा क्रम नव्हता. हे मी शपथेवर सांगू शकतो, आणि हेच मला कोणाला पटवता आलेले नाही.

मी चौदावा अध्याय वाचला. त्यात पहिल्याच काही ओळींत असे आहे की तो माणूस बरा झाला म्हणजे याजक स्वतः उठून छावणीच्या बाहेर, तो जिथे असेल तिथे जातो. हे मी आयुष्यात किती वेळा वाचले असेल; पण याजकाला चालत जावे लागते, हे त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. मग दोन पाखरे आणतात, त्यातले एक मोकळ्या रानात सोडून देतात.

"कंचं पाखरू?" म्हातारीने विचारले.

"ते लिहिलेलं नाही."

"आसंल पारवा," ती म्हणाली.

पुढे तो आंघोळ करून आत येतो, पण काही दिवस स्वतःच्या तंबूबाहेर राहतो आणि मग त्याला पुन्हा याजकापुढे आणतात. "हे बरोबर आहे," पत्नी हळूच म्हणाली, "लगेच डिस्चार्ज द्यायचा नसतो." शेवटी तो सगळ्यांबरोबर आत आला. म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून उठली. "झालं. बरं झालं," म्हणाली, आणि चहाला न थांबता घरी गेली.

वाचन आमच्याच ओट्यावर राहिले. पण हकीकत राहिली नाही. तिचे तुकडे ज्याने त्याने नेले. जावई सांगतात की त्यांनी त्या दिवशी यंत्र दुरुस्त केले आणि प्रश्न सुटला. चौदावा अध्याय त्यांच्या सांगण्यात येतच नाही. मी तो उभे राहून वाचला असे माझे स्मरण आहे. ते म्हणतात, नाही, मामा, बसून वाचला. पत्नीला दिसत नव्हते, आणि पाळक म्हणतात आपण डोळे मिटले होते. माझ्या वडिलांसारखा मी त्या दिवशी उभा राहिलो होतो की नाही, याला आता साक्षीदार उरलेला नाही.

पाळकांनी तर एका रविवारी उपदेशात माझा दाखला दिला: एक वृद्ध शिक्षक, एकच वचन, आणि विश्वासाने वाट पाहणे. मी त्यांना उपासना सुटल्यावर दारातच गाठले.

"मी विश्वासाने थांबलो नव्हतो. रीतीने थांबलो होतो. दोहोंत फरक आहे."

"असेल, सर. मग शेवटी ती रीत का मोडलीत?"

मऊ बोलणाऱ्या माणसांशी वाद घालू नये. मी त्यांना उत्तर दिले नाही. मी निरुत्तर झालो असे ते समजले, आणि ही त्यांची चूक होती, कारण मी विचार करत होतो. तो विचार अजून चालू आहे. नगरहून सेल आला त्या दिवसापासून यंत्राने दिलेला भाग मी पुन्हा नेमाने वाचू लागलो. पण त्या सकाळचा चौदावा अध्याय मला कोणी दिला? यंत्राने नव्हता दिला. त्याने तर अगदी बरोबर तारखेने तो वगळला होता. मी निवडला म्हणावे, तर निवडताना मी कुठे होतो?

पत्नीला यात काहीच गूढ वाटत नाही. "तिनं दिला," ती म्हणते.

"ती मंडळीतली नव्हती," मी म्हणतो.

"तो तरी कुठं होता, आत येईपर्यंत?"

हे उत्तर नव्हे, असे मी तिला दर वेळी सांगतो. मग ती विचारते, उत्तर कोणते? आणि मी शास्त्र उघडून दोरी नीट करत बसतो.